वंचित असल्याचा दाखला

अर्ज परत आला. आणि कुणाचा? तर त्रुटीकाकांचा!

ज्या माणसानं कचेरीतल्या आवक टेबलावर बसून चौतीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवले, ज्याच्या हातातली लाल पेन्सिल बघून भल्याभल्यांना घाम फुटायचा, ज्यानं एकदा खुद्द स्वतःच्या साहेबांचा रजेचा अर्ज ‘कारण नमूद नाही’ असं लिहून माघारी धाडला होता, त्या माणसाचा अर्ज परत यावा? वर सोबत छापील कागद : ‘आपल्या अर्जात खालील त्रुटी आढळून आल्या आहेत.’ काकांनी तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा काकूंना वाचायला लावला.

“बघितलंस? मला! मला त्रुटी दाखवतात!”

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “मग काय झालं? तुम्ही जन्मभर दाखवल्यात. कुणीतरी एक तुम्हाला दाखवली.”

“एक नाही, तीन आहेत!” काका कळवळून म्हणाले.

खरं म्हणजे अर्ज काकांचा नव्हताच. तो रफूताईंचा होता, काकांनी नुसता भरला होता. पण काकांच्या मते ज्याची सही असते तो अर्जदार, आणि ज्याचं अक्षर असतं तो मालक. त्यामुळे अपमान झाला तो काकांचा. त्यात कुणाला वाटेकरी करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

रफूताईंचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि कपड्यांचा डोंगर. नवीन कपडे त्या शिवत नसत. उसवणं, आत घेणं, सैल करणं, रफू करणं, एवढंच. राहायला त्या गोदामांच्या मागच्या वस्तीत. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप त्या तारखेसकट वहीत लिहायच्या, आणि अशी वीस वर्षं मापं लिहिता लिहिता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चांगला खात्यापित्या घरचा माणूस तीन महिन्यांत दोनदा पॅन्ट आत घ्यायला आणतो आणि त्यानं पथ्यबिथ्य काही केलेलं नसतं, तेव्हा बिघाड पॅन्टमध्ये नसतो, माणसात असतो. मग रफूताई खडू खाली ठेवायच्या आणि सांगायच्या, “रक्त तपासून या. रिपोर्ट दाखवा आणि पॅन्ट न्या.” गिऱ्हाईक चिडायचं, आरडाओरडा करायचं, दुसरीकडे जायची धमकी द्यायचं. पॅन्ट काही मिळायची नाही. अशा ओलीस ठेवलेल्या पॅन्टींनी आजवर एकोणीस जणांची साखर उघडकीस आणली होती. त्यातली एक पॅन्ट काकांची. सहा वर्षांपूर्वी ती आठ दिवस अडकून पडली होती, आणि काका ते आठ दिवस भाच्याच्या लग्नातली जाडजूड पॅन्ट घालून घाम पुसत हिंडत होते.

सुट्टीच्या दिवशी रफूताई वस्तीत दारोदार फिरायच्या. कुणी गोळ्या सोडल्या, कुणाचं चालणं बंद झालं, कोण डॉक्टरांना खोटं सांगून आलं, सगळं त्यांना ठाऊक. उपदेश त्या करत नसत. बसायच्या, कुणाचं तरी बटण लावून द्यायच्या आणि बटण लावता लावता विचारायच्या.

तर अशा रफूताई एक दिवस काकांकडे एक पत्रक घेऊन आल्या. कुठल्याशा संस्थेची शिष्यवृत्ती होती. सेवावंचित वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांना ‘आरोग्य-सोबती’ होण्याचं आठ महिन्यांचं प्रशिक्षण, आणि शिकत असताना घर चालेल एवढा भत्ता. आरोग्य-सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे आणि नर्सही नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेलं घरी जाऊन पाळायचं कसं, ते माणसाच्या शेजारी बसून त्याला उमजू देणारा माणूस.

“काका, हे मला जमेल का हो? शिकले तर दवाखान्यात मला कुणी उभं करेल. आत्ता शिवणवाली म्हणून हाकलतात. वयाची अट पंचेचाळीस आहे. मला दोन महिन्यांनी पंचेचाळीस संपतात. पुढच्या वर्षी मी बाद.”

“अर्ज माझ्यावर सोडा,” काका म्हणाले. छाती एवढी फुगली की बटणं तुटून रफूताईंकडेच यायची बाकी होती. “माझ्या हातून गेलेल्या अर्जात त्रुटी? नाव नको!”

आणि आता हा कागद. पहिली त्रुटी : वस्ती सेवावंचित असल्याचा दाखला जोडलेला नाही. दुसरी : अनुभवाचा पुरावा विहित नमुन्यात नाही. तिसरी वाचताना मात्र काकांचा आवाज जरा उतरला. पान नऊ, रकाना चौदा : ‘लागू नाही’ असे लिहू नये.

“काय आहे हो चौदाला?” काकूंनी विचारलं.

रकाना चौदा असा होता : ‘तुम्हाला हे काम का करावेसे वाटते?’ आणि त्याच्यापुढे वळणदार अक्षरात काकांनी लिहिलं होतं, ‘लागू नाही.’

आता याला काकांचा काय इलाज? चौतीस वर्षांत ‘का करावेसे वाटते’ असं कुठल्या अर्जानं कुणाला विचारलं नव्हतं. काकूंना एवढं हसू आलं की त्यांना घड्या बाजूला ठेवाव्या लागल्या. काका हसले नाहीत. ते उठले, फाईल काखेत मारली आणि तडक प्रभाग कचेरीत गेले.

प्रभाग कचेरीतला कारकून तरुण होता आणि काकांना ओळखत नव्हता. हा दुसरा अपमान.

“गोदामामागची वस्ती?” त्यानं संगणकात बघितलं. “ती वंचित नाही. तिथं आरोग्य उपकेंद्र आहे.”

“उपकेंद्राला कुलूप आहे.”

“पण केंद्र आहे ना?”

“डॉक्टर येत नाहीत!”

“डॉक्टरांचं आमच्याकडे नाही. आमच्याकडे इमारती. इमारत आहे, म्हणजे सेवा आहे.”

“मग डॉक्टर येत नाहीत असा दाखला कोण देईल?”

कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली. “त्या केंद्राचे वैद्यकीय अधिकारी.”

“म्हणजे डॉक्टर?”

“हो.”

“म्हणजे डॉक्टर येत नाहीत, हे डॉक्टरांनी येऊन सही करून सांगायचं?”

“शिक्काही लागेल,” कारकून म्हणाला.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर तो नुसता राग नव्हता, त्यात थोडी असूयासुद्धा होती. इतका निर्दोष नियम काकांना आपल्या अख्ख्या नोकरीत सुचला नव्हता.

घरी परतल्यावर जिन्यातच त्यांना दोन शेजाऱ्यांनी गाठलं. एक पहिल्या मजल्यावरचे विमावाले. त्यांची सगळीकडे ओळख असते, फक्त ज्याची गरज असते तो माणूस नेमका बदलून गेलेला असतो. “डॉक्टर शोधून काढू. माझ्या साडूच्या ओळखीचा एक आहे खात्यात,” ते म्हणाले. दुसरे समोरचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना दाखल्यात रस नव्हता, त्यांचा डोळा रकाना चौदावर. “तो माझ्यावर सोडा,” ते म्हणाले. हेच वाक्य पंधरा दिवसांपूर्वी आपण म्हटलं होतं हे आठवून काकांना बरं वाटलं नाही.

विमावाल्यांच्या साडूच्या ओळखीचा माणूस बदलून गेलेला होता. पण त्याच्या जागच्या माणसानं एवढं सांगितलं की उपकेंद्राचे डॉक्टर कागदोपत्री हजर आहेत, सध्या मात्र ते बाहेरगावी एका दीर्घ प्रशिक्षणाला गेलेत. कशाचं? तर वंचित वस्त्यांपर्यंत आरोग्य कसं पोचवावं याचं. शिष्यवृत्ती मिळाली होती त्यांना!

त्या दिवशी काका जेवले नाहीत. जेवले, पण बोलले नाहीत, आणि काकांच्या बाबतीत ते जास्त गंभीर.

पण चौतीस वर्षं आवक टेबलावर काढलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक साधं पत्र लिहिलं : ‘माननीय वैद्यकीय अधिकारी, आपण केंद्रावर कधी भेटाल ते कळवावे.’ पाकिटावर उपकेंद्राचा पूर्ण पत्ता घातला आणि ते रजिस्टर पोस्टानं धाडलं. आठवड्याभरात पाकीट परत आलं. त्यावर पोस्टमननं तीन वेगवेगळ्या तारखा टाकून लिहिलं होतं : ‘कुलूप. कुणी भेटत नाही. शेजारी म्हणतात, कधीच कुणी नसते.’ खाली सही आणि टपाल खात्याचा गोल शिक्का.

काकांनी ते पाकीट प्रभाग कचेरीत कारकुनाच्या टेबलावर ठेवलं. मोठ्यानं आपटायचं त्यांच्या मनात होतं, पण पाकीट हलकं असल्यामुळे आवाज झाला नाही.

कारकुनानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. शिक्का उजेडात धरला. मग तो उठून उभा राहिला. “काका, आपण कुठल्या खात्यात होतात?”

“आवक.”

“वाटलंच,” तो आदरानं म्हणाला, आणि त्यानं दाखला टाइप करायला घेतला.

त्रुटी क्रमांक दोन म्हणजे रफूताईंची वही. संस्थेला हवं होतं नाव, वय, आधीची स्थिती, नंतरची स्थिती. वहीत काय होतं? ‘गोदामवाल्याची आई, कंबर अडतीस, छत्तीस, तेहेतीस, तपासा!’ ‘डावा खांदा उतरता, कॉलर चौदा, गोळ्या चालू.’ ‘बोलका हवालदार, पोट उतरलं, शाब्बास.’ वही वाचताना काकांना भोवळ आली. “पण यांची नावं?” त्यांनी विचारलं. “माप घेताना नाव कशाला लागतं?” रफूताई म्हणाल्या.

मग काका स्वतः नावं जमवायला निघाले. पायात नवे कडक बूट, हातात फाईल, कानावर पेन. तीन दिवस ते वस्तीत फिरले. झालं असं, की फाईलवाला माणूस दिसला की लोकांना वाटायचं हा घरं पाडण्यासाठी मोजायला आला. काका गल्लीत शिरले की दारं पटापट लागायची. एका म्हातारीनं तर खिडकीतून काकांचंच नाव, वय आणि हुद्दा विचारून घेतला आणि सांगितलं, “नातवाला देते, तो तक्रार करेल.” तीन दिवसांत काकांना एकूण दोन नावं मिळाली, आणि त्यातलं एक खोटं निघालं. चौथ्या दिवशी रफूताईंनी दुकान लवकर बंद केलं आणि अंधार पडायच्या आत काकांचं धरून सगळी एकोणीस नावं जमवली, सह्यांसकट. काकांनी त्यांचं अभिनंदन केलं नाही. त्यांनी नावं सुवाच्य अक्षरात उतरवली आणि एका सहीचं टोक चौकटीबाहेर गेल्याबद्दल नापसंती दाखवली.

उरला रकाना चौदा. प्राध्यापकांनी तो लिहून आणला होता. सगळ्यांना बसवून त्यांनी वाचून दाखवला. “अज्ञानाच्या घनदाट तिमिरात चाचपडणाऱ्या माझ्या बांधवांच्या वाटेवर मी एक इवलीशी ज्योत होऊन…”

“सर,” रफूताई मध्येच म्हणाल्या, “आमच्याकडे वीज आहे.”

प्राध्यापक दुखावले. असे मजकूर ऐकून निवड समित्या रडतात, असं त्यांचं म्हणणं. रफूताई म्हणाल्या, “डॉक्टर काय सांगतात ते लोकांना कळतं हो. घरी गेल्यावर ते जमत का नाही, हे कुणी विचारत नाही. मला तेवढं नीट विचारायला शिकायचंय.”

काकांनी तेच लिहिलं, शब्दाला शब्द. वीस ओळींच्या जागेत तीनच ओळी झाल्या. उरलेल्या जागेत नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून काकांनी तिरकी रेघ मारली. अर्ज दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला परत आला नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला काका सोबत गेले. जायची गरज नव्हती, पण फाईल सांभाळायला कुणी नको का? बाहेरच्या बाकावर ते ताठ बसले. आत तीन जणांची समिती. परीक्षा अशी, की समोर एक नमुना रुग्ण बसवणार. उमेदवारानं दहा मिनिटं त्याच्याशी बोलायचं आणि तो टाळत असलेली एक लहानशी गोष्ट करायला त्याला राजी करायचं. धमकी नाही, उपदेश नाही.

पाचच मिनिटांत दार उघडलं आणि समितीच्या अध्यक्षबाई बाहेर आल्या. “तुम्हाला साखर आहे का हो?”

“आहे. पण का?”

“आत या. आमचा नमुना रुग्ण आजारी पडलाय.”

काका उभेच राहिले. “ते नियमात बसत नाही. मी उमेदवाराच्या परिचयाचा आहे. शिवाय अर्जाचं अक्षर माझं आहे.”

“दुसरं कुणी नाही. आज परीक्षा झाली नाही तर यांची पुढच्या वर्षी होईल. तुम्ही फक्त खोटं ‘हो’ म्हणू नका, म्हणजे झालं.”

“मी? खोटं?” काकांचा आवाज मजलाभर घुमला. पण पुढचं वर्ष म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. ते आत जाऊन रफूताईंच्या समोर बसले.

रफूताईंनी विचारायला सुरुवात केली. गोळ्या? वेळेवर. खाणं? मोजून. चालणं? रोज चाळीस मिनिटं. झोप? उत्तम. काका भराभर उत्तरं देत गेले, एकही रकाना त्यांनी कोरा सोडला नाही. आणि सहा मिनिटं संपल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळंच जर ठीक असेल, तर या बाईनं राजी करायचं तरी कशाला? काका आपल्या आदर्श उत्तरांनी तिला खड्ड्यात घालत होते. समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. काकांना त्या गृहस्थांचा, घड्याळाचा आणि आजारी पडलेल्या नमुना रुग्णाचा भयंकर संताप आला.

रफूताईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“काका, बसल्यापासून तुम्ही उजवा पाय खुर्चीखाली का घेताय?”

“सवय आहे.”

“कधीपासून?”

काका बोलले नाहीत. रफूताईही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या बसून राहिल्या, दोन्ही हात मांडीवर, जसं काही घरी जायची घाईच नाही. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. घड्याळवाले गृहस्थ खाकरले, पण अध्यक्षबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

“बोटं बधिर आहेत,” काका एकदम म्हणाले. “चार महिने झाले. आणि आता त्या बुटांनी अंगठ्याला जखम झालीय. दुखत नाही. दुखत नाही म्हणून तर…” ते थांबले. मग पुढचं बोलणं त्यांना थांबवता येईना. “माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी बोट, मग पंजा, मग गुडघ्यापर्यंत. दोन वर्षं त्याचं सगळं हिनं केलं. माझ्या बायकोनं. शेवटी शेवटी खोलीच्या बाहेर येऊन रडायची आणि तोंड धुऊन परत आत जायची. तिला हे परत दाखवू? कुठल्या तोंडानं दाखवू? मी घरात मोजे घालून बसतो. तिला वाटतं, थंडी वाजते.”

रफूताईंनी धीर दिला नाही, उपदेश केला नाही.

“डॉक्टरकडे जायचं मी म्हणतच नाही,” त्या म्हणाल्या. “काकूंना पाय दाखवणं जमेल?”

“आज नाही.”

“मग कधी?”

“उद्या.”

“किती वाजता?”

“आठला.”

“चहाच्या आधी की नंतर?”

“नंतर,” काका म्हणाले. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

बाहेर पडताना घड्याळवाल्या गृहस्थांनी काकांचा हात हातात घेतला. “काय अभिनय केलात हो! नाटकात होतात का?”

“मी आवक खात्यात होतो!” काका ओरडले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. चहा झाला. काकूंची वहिनी फोनवर होती, मग काकू आंघोळीला गेल्या, मग त्या मोकळ्या झाल्या आणि काका वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर गेले. तिसऱ्या दिवशीही आठ वाजले. रोजच वाजतात, घड्याळाला काय त्याचं! काका दुकानावरून जायचे टाळू लागले. एकदा गाठ पडलीच, तर रफूताईंनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर काकांना रागावता तरी आलं असतं.

आठव्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. रफूताईंची निवड झाली होती. तात्पुरती. खाली अट : ‘प्रात्यक्षिकातील रुग्णाने कबूल केलेली गोष्ट प्रत्यक्षात केल्याबद्दल त्याच्या घरातील व्यक्तीची सही सोबतच्या नमुन्यावर घेऊन पत्राच्या तारखेपासून सात दिवसांत सादर करावी. अन्यथा निवड रद्द समजावी.’ पत्राची तारीख सहा दिवसांपूर्वीची. पत्र गावातल्या गावात सहा दिवस फिरत होतं!

विमावाल्यांनी जिन्यातच मार्ग काढला. “सही ना? आणा इकडं. बायकोची सही काय, मी गव्हर्नरची पण करतो.”

काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की विमावाले दोन पायऱ्या खाली उतरले. खोटी सही! काकांच्या हातून जाणाऱ्या कागदावर!

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, चहा झाल्यावर काकांनी नमुना काकूंपुढे सरकवला आणि पेनचं टोपण काढून दिलं. “इथं जरा सही कर.”

“कशाबद्दल?”

“रफूताईंचं आहे. तू कर, मला दहा वाजता पोचायचंय.”

“वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं होतं?” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा लावला.

वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मजकूर एकाच ओळीचा होता. मग त्यांनी चष्मा काढला.

“दाखवा.”

“अगं, विशेष काही नाही…”

“दाखवा म्हणते ना!”

काकांनी मोजा काढला. काकू खाली बसल्या. त्यांनी पाय हातात घेतला, उजेडाकडे वळवला, अंगठा बघितला, मग एकेक बोट दाबत विचारत गेल्या, “कळतंय? हे? आणि हे?” काका प्रत्येक वेळी नाही म्हणाले. काकू रडतील असं त्यांना वाटलं होतं, त्याची त्यांनी चार महिने तयारी केली होती. काकू रडल्या नाहीत. त्या भडकल्या.

“तुमच्या भावाचा पाय का गेला माहिताय? त्यांनी मला दाखवला नाही म्हणून! दिसला तेव्हा काळा पडला होता. आणि तुम्ही! घरात! माझ्यासमोर! मोजे घालून!”

“सही तेवढी…”

“आधी दवाखाना. सही नंतर.”

“दहा वाजता…”

“वाजू देत!”

दवाखान्यात अकरा जणांची रांग होती. काकूंनी कुणाची परवानगी न घेता ती पार केली. हे नियमाला धरून नव्हतं, आणि काका ते बोलूनही दाखवणार होते, पण काकूंनी त्यांचा दंड धरला होता. डॉक्टरांनी जखम साफ केली, खोल गेलेली नाही म्हणाले, मलमपट्टी केली, बूट जप्त करायला सांगितले. “वेळेवर आलात. अजून पंधरा दिवसांनी आला असतात तर बोटाचं मी काही सांगू शकलो नसतो.” पाय राहणार होता.

बाहेर बाकावर बसल्यावर काकू मग रडल्या. थोडंच. पदरानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. “आणा तो कागद.”

काकूंनी गुडघ्यावर फाईल ठेवली, सही केली. तारीख घातली. सहीच्या खाली ‘शेरा, असल्यास’ असा एक रिकामा रकाना होता. काकूंनी पेन थांबवलं, काकांकडे एकदा बघितलं आणि तिथं लिहिलं : ‘दाखवला. चार महिने उशिरा.’

“शेऱ्याची सक्ती नसते,” काका म्हणाले. “‘असल्यास’ म्हटलंय.”

“आहे,” काकू म्हणाल्या.

कागद संस्थेत पोचला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. टेबलावरच्या बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, शेऱ्यापाशी थबकल्या आणि काकांच्या पायावरच्या पट्टीकडे बघितलं. “शेरा खोडायचा का, काका? खोडला तरी चालतो.”

काकांनी विचार केला. अर्जात स्वतःविरुद्ध असा उघड शेरा त्यांनी जन्मात कधी जाऊ दिला नसता.

“खोडाखोड चालणार नाही,” ते म्हणाले. “बरोबर आहे ते.”